‘वेल्डिंगच पक्कं’ हा हट्ट

अकोल्याच्या एमआयडीसीतलं शेड असो, अमरावतीत बडनेरा रोडवरचं वर्कशॉप असो, की दर्यापूर-मूर्तिजापूरच्या स्टँडामागचं पत्र्याचं दुकान असो, धातूचे दोन तुकडे जोडायचा प्रश्न आला की उत्तर एकच ऐकू येतं. “पक्कं काम पाहिजे ना भाऊ तुम्हाले? मंग वेल्डिंगच मारा.” ब्रेझिंगचं, म्हणजे पितळी किंवा चांदीच्या झाळीचं नाव काढलं की समोरचा हात झटकतो. गिऱ्हाईकही मान डोलावतं. आयटीआयमधून बाहेर पडणारी पोरं हेच ऐकत मोठी होतात आणि पुढे हेच सांगतात.

या म्हणण्याचा मथितार्थ असा. धातू वितळून धातूत मिसळला तरच जोड खरा. झाळीत मूळ धातू वितळतच नाही, मधे दुसराच कमजोर धातू भरतात, म्हणून ती नुसती चिकटवाचिकटवी. चांदीचा रॉड महाग आणि गॅसची कटकट वेगळी. शिवाय हे काम जुन्या सायकलवाल्यांचं. आता इन्व्हर्टरचं वेल्डिंग मशीन खांद्याला लटकवून शेतात नेता येतं, तेव्हा झाळीची गरजच काय उरली?

यातलं एकेक म्हणणं तपासून पाहायलाच हवं. कारण या समजुतीची किंमत पंप फुटलेला शेतकरीही मोजतो आणि दर उन्हाळ्यात एसीत गॅस भरून घेणारं घरही मोजतं.

आधी एक घोटाळा निस्तरू. कथलाचा डाख आणि झाळ यांना लोक एकाच पारड्यात टाकतात. कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो. तारेच्या टोकाला, भांड्याच्या बुडाला तो पुरतो आणि तापला की सुटतो. झाळीचा धातू ४५० अंशांच्या वर वितळणारा असतो. चांदीच्या चांगल्या रॉडला ६२० ते ६५० अंश लागतात, तांबे-फॉस्फरसचा रॉड ७१० अंशांपासून वितळायला लागून ८०० च्या आसपास वाहतो, पितळी रॉडला ९०० च्या जवळ जावं लागतं. डाख सुटल्याचा अनुभव सांगून झाळीला कमजोर ठरवणाऱ्याने दोन्ही कामं कधी शेजारी ठेवून पाहिलेली नसतात.

आता ताकदीचं बोलू, आणि आकड्यांत बोलू. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो. अशा दुपारी गच्चीवर तापत असलेल्या एसीच्या बाहेरच्या युनिटमध्ये आर-३२ गॅस ६० अंशांच्या आसपास द्रव होत असतो आणि नळीतला दाब ४० बारच्या घरात असतो. तिथली तीन सुती, म्हणजे ९.५ मिलिमीटरची तांब्याची नळी घ्या. तिची भिंत ०.८ मिलिमीटर धरली तर तांब्याचा आडवा छेद भरतो जेमतेम २२ चौरस मिलिमीटर. ही नळी सॉकेटमध्ये ८ मिलिमीटर आत गेली असेल, तर झाळ दोन्ही भिंतींना धरते ते क्षेत्र होतं सुमारे २४० चौरस मिलिमीटर. जवळपास अकरापट! ४० बारचा दाब हा जोड उपसून काढायला जोर लावतो साधारण ३० किलोचा. तो सगळ्या क्षेत्रावर वाटला की एका चौरस मिलिमीटरच्या वाट्याला सव्वाशे ग्रॅमही येत नाहीत. झाळीचा धातू याच्या कित्येक पट ओढ सहज सोसतो. नीट भरलेला असा जोड मशीनवर ताणून पाहिला तर झाळ जागेवर राहते आणि शेजारची नळी लांबून तुटते. मग कमजोर कोण ठरलं?

झाळीची ताकद असते ती एकावर एक बसणाऱ्या पृष्ठभागांत. पातळ तुकड्याच्या जाडीच्या निदान तिप्पट अंगावर अंग यायला हवं, हा या कामातला जुना नियम आहे. दोन पट्ट्यांच्या कडा नुसत्या एकमेकींना टेकवायच्या, वरून पितळेचा थर फासायचा आणि हातोडीने ठोकून ‘पाहा, तुटली’ म्हणायचं, यात झाळीची परीक्षा कुठे झाली? तिथे जोडाची आखणीच चुकलेली आहे.

जोड गळतात, हे मी नाकारत नाही. पण ते का गळतात? झाळीचा धातू जोडात शिरतो तो केशाकर्षणाने, दिव्याची वात तेल ओढते तसा. त्यासाठी फट ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर एवढीच हवी, दोन्ही अंगं स्वच्छ हवीत आणि दोन्ही सारखीच तापलेली हवीत. घाईतला मिस्त्री यातलं काहीच करत नाही. तो ज्योत थेट रॉडवर धरतो, वितळलेला थेंब तोंडाशी टाकतो आणि बाहेरून गोल वळा दिसला की समाधानी होतो. आत धातू गेलेलाच नसतो. बाहेरून वेल्डिंगच्या टाक्यासारखा जाड वळा दिसला म्हणजे काम पक्कं, ही दृष्टीही त्याच हट्टातून आलेली आहे. झाळीत बाहेर दिसायला हवी ती बारीक, नितळ, आत वळलेली रेघ. बाकीचं काम आत झालेलं असतं.

हे काम एकदा जवळून पाहावं. नळी करवतीने न कापता कटरने सरळ कापायची. तोंडावरचा बर काढायचा आणि ती चूर आत पडू नये म्हणून नळीचं तोंड खाली धरायचं. टोक पॉलिश पेपरने लख्ख घासायचं आणि मग त्याला बोटही लावायचं नाही, कारण बोटाचा तेलकटपणा झाळीला अडवतो. तांब्याला पितळ किंवा पोलाद जोडायचं असेल तर फ्लक्सची लेई लावायची. तापमान किती झालं ते हा फ्लक्सच सांगतो. शंभर अंशांना त्यातलं पाणी उकळून जातं, तीनशेच्या वर तो पांढरा फुगतो, सव्वाचारशेच्या आसपास खाली बसून दुधट होतो आणि सहाशेच्या जवळ पातळ, नितळ होऊन धातूवर पसरतो. ज्योत या सगळ्या वेळात जोडावर फिरत असते, रॉडपासून दूर. मग रॉडचं टोक फटीच्या तोंडाला टेकवायचं. तापलेला जोडच रॉड वितळवतो, धातू झरकन आत ओढला जातो, आणि ज्योत जिकडे न्याल तिकडे झाळ मागे मागे जाते. यात कसब आहे, आणि ते शिकवल्याशिवाय येत नाही. पण शिकवायचं नाही, शिकायचं नाही आणि मग पद्धतीला नावं ठेवायची, हे कारागिराला शोभत नाही.

‘धातू वितळला तरच जोड खरा’ या म्हणण्याचं काय होतं, ते बिडाच्या पंपावर दिसतं. मोनोब्लॉक पंपाची बॉडी पडून किंवा बोल्ट जास्त आवळून तडकते. वेळ हरभऱ्याला पाणी द्यायची. शेतकरी ती डोक्यावर घेऊन तालुक्याला येतो आणि वेल्डिंगवाला साध्या रॉडने दोन टाके मारून देतो. बिडात कार्बन असतो दोन ते चार टक्के. आर्कने तो भाग वितळतो आणि भोवतालच्या थंड धातूमुळे झपाट्याने थिजतो, तेव्हा टाक्याच्या काठाला अतिशय कडक आणि ठिसूळ पट्टा तयार होतो. थंड होताना आकसणाऱ्या टाक्याची ओढ या पट्ट्याला सोसत नाही. टाका शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारी नवी चीर पडते. कधी ती दुकानातच टिणकन आवाज करून पडते, कधी शेतात पंप चालू केल्यावर. मग पुन्हा टाका, पुन्हा चीर, आणि शेवटी बॉडी भंगारात.

तीच चीर ग्राइंडरने व्ही आकारात उघडावी. तडा जिथे संपतो तिथे बारीक भोक पाडावं म्हणजे तो पुढे सरकत नाही. बॉडी सावकाश तापवावी, पितळी रॉड आणि टाकणखाराने खाच भरावी आणि मग राखेत किंवा चुन्यात पुरून रात्रभर थंड होऊ द्यावी. बीड वितळलंच नाही, म्हणून तो कडक पट्टा बनत नाही. मधलं पितळ मऊ असल्याने आकसण्याची ओढ ते स्वतः सोसतं. काटेकोर बोलायचं तर इथे धातू फटीत ओढला जात नाही, खाचेत भरला जातो, आणि पुस्तकात याला ब्रेझ वेल्डिंग असं वेगळं नाव आहे. पण मूळ धातू न वितळवता जोडायचं, हे तत्त्व तेच. निकेलचा महाग रॉड आणि योग्य तापवणी वापरून बीड वेल्डिंगनेही जोडता येतं. एवढी तयारी तालुक्याच्या किती दुकानांत असते, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

ज्या लेथवर उभं राहून हे मत सांगितलं जातं, त्या लेथच्या टूलपोस्टकडेही जरा पाहा. पोलादी दांड्याच्या टोकाला कार्बाइडची टिकली बसवलेलं टूल तिथे असतं. ती टिकली कशी बसली? टंगस्टन कार्बाइड वितळायला २८०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, पोलाद १५०० च्या सुमारास पाणी होतं. वेल्डिंगने हे दोघे एकत्र यायचे कसे? ती टिकली चांदीच्या झाळीनेच बसवलेली असते. पोलाद तापल्यावर जितकं फुगतं, त्याच्या निम्म्याच्या आसपासच कार्बाइड फुगतं. थंड होताना या फरकाने टिकली तडकू नये म्हणून मोठ्या टूलमध्ये मधे तांब्याचा पातळ पत्रा घालतात, ज्याच्या दोन्ही बाजूंना चांदीची झाळ असते. तांबं मऊ, ते ताण पिऊन टाकतं. पोलादाचे कपचे काढणारा, दिवसभर हादरे खाणारा हा जोड झाळीचा आहे. त्याच्याच भरवशावर पोट भरायचं आणि झाळ कमजोर म्हणायचं?

धातू वेगवेगळे असले की वेल्डिंगवाल्याची वाट लवकर संपते. तांब्याला पोलाद, पितळेला स्टेनलेस, फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या पोलादी नळीला तांब्याची नळी, हे रोजचे जोड आहेत. अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या भिंतीला आर्क लावली तर जोडण्याऐवजी भोक पडतं. धारणी-चिखलदऱ्याकडच्या आरोग्य केंद्रांत लसी २ ते ८ अंशांत ठेवणाऱ्या फ्रिजचा गॅस असल्याच नळ्यांतून फिरतो. त्यातला एक जोड झिरपला तर मेळघाटातल्या बाळांच्या लसी वाया जातात. हे काम कोणत्या वेल्डिंग मशीनने करणार?

आणि याहून मोठी साक्ष आपल्याच जिल्ह्यांनी पाहिलेली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेने महाराष्ट्रात सुरुवातीलाच गाठलं ते अमरावती-अकोल्याला. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली. त्यानंतरच्या महिन्यांत ऑक्सिजन हा एकच शब्द घराघरांत होता. सगळे टाकी आणि सिलिंडरबद्दल बोलत होते. टाकीपासून खाटेपर्यंत तो प्राणवायू नेणाऱ्या नळीबद्दल कुणी बोललं नाही. दवाखान्यातली ही नळी तांब्याची असते आणि तिचे जोड झाळलेले असावेत, असा जगभरचा दंडक आहे. कथलाचा डाख तिथे चालत नाही, कारण आग लागली तर तो आधी वितळेल आणि ऑक्सिजन थेट आगीत जाईल. तांब्याला तांबं जोडताना फ्लक्सही लावत नाहीत, कारण त्याचा अंश रुग्णाच्या श्वासात जाता कामा नये. तांबे-फॉस्फरसच्या रॉडमधला फॉस्फरसच ते काम करतो. झाळताना नळीतून संथ नायट्रोजन सोडतात, म्हणजे आत काळी काजळी धरत नाही. ज्या जोडावर माणसाचा श्वास सोपवला जातो तो जोड झाळीचा असतो. ‘चिकटवाचिकटवी’ हा शब्द यापुढे तोंडातून काढण्याआधी एवढं लक्षात ठेवावं.

‘जुनाट काम’ हा आक्षेपही असाच. जुनं आहे, यात शंका नाही. अकोल्याहून खामगावला जा. चांदीसाठी नावाजलेल्या त्या गावात समईला, तांब्याला, देवाच्या मूर्तीला जे भाग जोडलेले असतात ते झाळीने. गावोगावचा सोनार टाकणखार आणि फुंकणी घेऊन हेच करत आला. पिढ्यान् पिढ्या अंगावर वागवलेल्या गोठ-पाटल्या झिजून पातळ होतात, तरी झाळ धरून असते. जुनं म्हणून ते टाकाऊ कसं? १९६९ साली माणसाला चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनाची भिंत शेकडो नळ्या शेजारी शेजारी लावून भट्टीत झाळलेली होती. आज रस्त्यावर धावणाऱ्या मोटारींचे ॲल्युमिनियमचे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर सहाशे अंशांच्या आसपासच्या भट्टीतून झाळून बाहेर पडतात, शेकडो जोड एका फेरीत. ॲल्युमिनियमच्या त्या पातळ पापुद्र्यांना एकेक टाका मारत बसायचं ठरवलं असतं तर रेडिएटर तयारच झाला नसता.

खर्चाचं म्हणणं तर हिशेबापुढे उभंच राहत नाही. मघाच्याच तीन सुती जोडात २४० चौरस मिलिमीटर क्षेत्र आणि फट ०.१ मिलिमीटर धरली, तर आत मावणारा धातू २४ घन मिलिमीटर होतो. वजनाने पाव ग्रॅमच्या आत. बाहेरची रेघ आणि वाया गेलेला भाग धरला तरी एका ग्रॅमच्या वर जायचं कारण नाही. तांब्याला तांबं असेल तर चांदी जवळपास नसलेला, किंवा नावापुरती असलेला फॉस्फरस रॉडही उत्तम चालतो. याच्यासमोर दर उन्हाळ्यात गॅस भरण्याचा खर्च ठेवा, किंवा कॉम्प्रेसर बदलण्याचा. शिवाय झाळलेला जोड पुन्हा तापवून सोडवता येतो, भाग बदलून परत झाळता येतो. वेल्डिंगचा जोड कापावाच लागतो. दुरुस्तीवर चालणाऱ्या आपल्या भागात ही बाब हलकी समजायची?

खारपाणपट्ट्यातून एक तक्रार येते, तिला मात्र थांबून उत्तर द्यायला हवं. पूर्णेच्या खोऱ्यातलं खारं पाणी पितळी झाळ खाऊन टाकतं, असं अकोट-दर्यापूरकडचे मिस्त्री सांगतात. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. पितळी रॉडमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास जस्त असतं. खाऱ्या पाण्यात ते जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे सच्छिद्र, तांबूस, दाबलं की चुरा होणारं तांबं उरतं. पण दोष रॉडच्या निवडीचा आहे. सतत खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या जोडाला पितळी रॉड लावायचाच नाही, चांदीचा लावायचा. पाणी पाहून रॉड निवडणं हा कारागिरीचाच भाग आहे. वेल्डिंगमध्येही चुकीचा रॉड लावला तर टाका गंजतो किंवा तडकतो. तेव्हा कुणी वेल्डिंग वाईट म्हणतं का?

तसंच फॉस्फरसच्या रॉडचं. तो तांब्या-पितळेचा रॉड आहे. पोलादाला लावला की जोडात ठिसूळ थर बनतो आणि हादऱ्याने सुटतो. कॉम्प्रेसरच्या पोलादी नळीला हाच रॉड लावून झालेले किती जोड महिन्याभरात परत आले असतील, आणि प्रत्येक वेळी शिव्या मात्र झाळीला बसल्या असतील.

नव्या फ्रिजमध्ये पेटणारा आर-६००ए गॅस असतो म्हणून ज्योत धोक्याची, असंही आता बोललं जातं. भरल्या नळीवर ज्योत लावणं धोक्याचंच आहे. म्हणून आधी गॅस काढायचा, नायट्रोजनने नळी झाडायची, जुना जोड ज्योतीने न सोडवता कटरने कापायचा आणि मग झाळायचं. धोका आहे तो या पायऱ्या गाळण्यात.

ट्रॅक्टरची ट्रॉली, जिनिंगमधली लोखंडी चौकट, दालमिलचा सांगाडा ही कामं वेल्डिंगची आहेत. वरुड-मोर्शीच्या संत्र्यांसाठी अमोनियावर चालणारं शीतगृह असेल तर तिथल्या नळ्या पोलादाच्या आणि जोड वेल्डिंगचेच हवेत, कारण अमोनिया तांब्याला खातो. सतत रसरशीत तापणाऱ्या जागी चांदीची झाळ वापरू नये. एवढं मान्य करून मी थांबतो, कारण झाळीची बाजू मांडणाऱ्या कुणीही ट्रॉलीचा हूक झाळा असं कधी म्हटलेलं नाही. प्रत्येक जोडाला वेल्डिंगच हवं, असा अतिरेक फक्त समोरच्या बाजूने होतो.

वेल्डर ट्रेडच्या अभ्यासक्रमात झाळीचे धडे आहेत. तांब्याच्या नळ्यांचे आहेत, पितळी रॉडने बीड जोडण्याचेही आहेत. अमरावती-अकोल्याच्या आयटीआयमधल्या निदेशकांना माझी विनंती आहे की हे धडे वर्षाच्या शेवटी उरकू नका. प्रत्येक मुलाला स्वतः केलेला जोड करवतीने उभा चिरून दाखवायला लावा. आत धातू शेवटपर्यंत पोचला की तोंडाशीच थांबला, हे त्याच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे.

वर्कशॉपवाल्यांनी कॅडमियम असलेला चांदीचा रॉड दुकानात ठेवणं बंद करावं. तो सहज वाहतो म्हणून आवडतो, पण त्याचा धूर फुप्फुसांत गेला तर माणूस मरू शकतो. कॅडमियम नसलेले रॉड मिळतात.

आणि गिऱ्हाइकांनो, पुढच्या वेळी एसीची नळी जोडायला माणूस आला की नायट्रोजनचा सिलिंडर बरोबर आणला आहे का, ते दारातच विचारा. नसेल तर तो आणायला परत पाठवा.